अंतरपाट धरला आणि रोल संपला

वाचकांचे प्रश्न : लग्नाचे फोटो

तुळशीचं लग्न लागलं की माझा फोन वाजायला लागतो. ‘काका, चांगला फोटोग्राफर सांगा.’ मी स्वतः आता ऑर्डरी घेत नाही. कराडातला स्टुडिओ मुलगी बघते. मी काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो कापतो आणि न मागितलेले सल्ले देतो. १९८७ साली मामाच्या याशिका कॅमेऱ्यावर पहिल्या लग्नाचे फोटो काढले, तेव्हा एका रोलमध्ये बारा फोटो यायचे आणि एका लग्नाला चार रोल म्हणजे चैन वाटायची. आता मुलगी एका लग्नात चार हजार वेळा बटण दाबते. या अंकासाठी आलेल्या पत्रांतली नावं गाळली आहेत. लग्नघरातल्या कुरबुरी घरातच बऱ्या.

नवरीची आई, नाशिक : मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. चार जणांकडून दर मागवले. एकाने पंचेचाळीस हजार सांगितले, एकाने सव्वादोन लाख. इन्स्टाग्रामवर दोघांचेही फोटो सुंदर दिसतात. आमचे हे म्हणतात, स्वस्तवाला घ्या, कॅमेरा सगळ्यांचा सारखाच.

ताई, यजमानांचं अर्धं बरोबर आहे. कॅमेरा खरंच सारखाच असतो, सीझनमध्ये तर पुष्कळांचा भाड्याचाच असतो. फरक आहे तो माणसांच्या संख्येत आणि नंतरच्या कामात. पंचेचाळीस हजारांत बहुधा दोघं येतील, एक फोटोला आणि एक व्हिडिओला. सव्वादोन लाखांत कॅन्डिडवाला (पोज न देता, नकळत फोटो टिपणारा) वेगळा, सिनेमॅटिकवाला (सिनेमासारखा व्हिडिओ करणारा) वेगळा, ड्रोन, एखादा लाइट धरणारा. हळद आणि सीमांतपूजन त्यात धरलंय का, अल्बमची शीट किती, राहण्याचा-प्रवासाचा खर्च कुणाचा, हे दोघांकडूनही कागदावर घ्या. मग दोन आकडे शेजारी ठेवा. पुष्कळदा स्वस्तवाला जोडत जोडत एक लाखावर येतो.

इन्स्टाग्रामवर शंभर लग्नांतले शंभर फोटो असतात. तुम्ही एकच लग्न मागा, सगळंच्या सगळं, गौरीहरापासून पाठवणीपर्यंत. ते तुमच्यासारख्याच कार्यालयातलं आणि साधारण त्याच वेळेचं असेल तर उत्तम. नवरा-नवरीचे फोटो भराभर पुढे ढकला, ते सगळ्यांचेच बरे येतात. पंगतीशी थांबा. खाली ट्यूबलाइट, वर पिवळी झुंबरं, समोर घाईत जेवणारे लोक. तिथे चेहरे हिरवट आले असतील, किंवा प्रत्येकाचा घास तोंडात असतानाच फोटो काढलेला असेल, तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

आणि एक विचारा, ‘त्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार?’ दाट तिथीला एक स्टुडिओ तीन-चार ऑर्डरी घेतो. मालक एका ठिकाणी, बाकी ठिकाणी फ्रीलान्सर. मीही हे केलंय, त्यात फसवणूक नाही. फ्रीलान्सर मालकापेक्षा सरस निघालेलाही पाहिलाय. पण ज्याचं काम बघून तुम्ही पैसे देताय तोच येणार की नाही, हे आधी कळलं पाहिजे. ‘आमची टीम येईल’ हे काही उत्तर नव्हे. नाव मागा, त्या माणसाचं काम मागा, आणि ते नाव पावतीवर लिहून घ्या.

पैसे तीन हप्त्यांत द्या : थोडे तारीख धरताना, मोठा भाग लग्नाच्या दिवशी आणि निदान पाचवा हिस्सा अल्बम हातात आल्यावर. आणि त्यांना दुसऱ्या पंगतीला जेवायला बसवा. मी उमेदीची वीस वर्षं लग्नाच्या दिवशी गार भात खाल्लाय, म्हणून मुद्दाम लिहितो. दुपारी साडेतीनला उपाशी माणसाच्या हातून पाठवणी नीट टिपली जात नाही.

नवरी, ठाणे : मला फक्त कॅन्डिड फोटो हवेत. स्टेजवर रांगेत उभं राहून काढलेले फोटो म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय वाटतो. बाबा ऐकत नाहीत. तुम्ही त्यांना समजवा.

पोरी, तू चुकीच्या माणसाला पत्र लिहिलंस.

आमच्या काउंटरवर महिन्यातून तीन-चार वेळा एकच काम येतं. कुणीतरी जुना लग्नाचा अल्बम प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊन येतं, पान उघडतं आणि एका चेहऱ्यावर बोट ठेवतं. ‘एवढेच पाहिजेत. मोठा करून द्या, उद्या दहावा आहे.’ ते पान कधीच नवरा-नवरीचं नसतं. ते असतं स्टेजवरच्या रांगेचं. डावीकडून तिसऱ्या काकू, टोपी घालून अवघडून उभे राहिलेले आजोबा. त्या माणसाचा आयुष्यात दुसरा धड फोटोच नसतो. आम्ही शेजाऱ्याचा खांदा पुसतो, मागचा पडदा घालवून निळी पार्श्वभूमी टाकतो आणि फ्रेम करून देतो. जुन्या १२० नंबरच्या रोलच्या निगेटिव्हचा चौकोन सहा सेंटिमीटरचा, त्यातला नखाएवढा चेहराही ओळखू येईल इतका मोठा होतो. आता तर लोक व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मोबाईलमध्येच दाखवतात. तो इतका दाबलेला असतो की मोठा केला की डोळ्यांच्या जागी ठिपके उरतात.

तुला कॅन्डिड हवेत, घे. मुलगी जेव्हा गौरीहरापुढून चोरून मांडवात बघणाऱ्या नवरीचा फोटो काढून आणते, तेव्हा मलाही वाटतं, आपण चाळीस वर्षं ‘इकडे बघा, हसा’ म्हणत काय मिळवलं? पण कॅन्डिडवाला उजेडाच्या आणि हसण्याच्या मागे जातो. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या, न हसणाऱ्या आजीकडे तो जात नाही, कारण ती तुझी आजी आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून तडजोड सुचवतो. दोनशे जणांची रांग नकोच. जवळच्या माणसांचे दहा-बारा गट कागदावर लिहा : आजोळचे सगळे, बाबांची भावंडं, चाळीतले शेजारी, तुझ्या शाळेच्या बाई. एका गटाला दोन मिनिटं, म्हणजे पंचवीस मिनिटांत काम झालं. हे मुहूर्ताआधी उरका, जेवणानंतर निम्मे लोक गाडी पकडायला गेलेले असतात. आणि दोन्ही घरचा एकेक माणूस फोटोग्राफरबरोबर ठेवा, ज्याला नाती ठाऊक आहेत आणि ज्याचा आवाज मोठा आहे. मामेभाऊ या कामाला उत्तम. काकांना पाठवू नका, ते वाटेत गप्पा मारत बसतात.

बाबांना हे पत्र दाखव.

एक पुरोहित, वाई : गेली तीस वर्षं लग्नं लावतो. हल्ली फोटोग्राफर माझ्या आणि वधूवरांच्या मध्ये पाठ करून उभे राहतात. परवा एकाने कन्यादानाची धार मध्येच थांबवून ‘गुरुजी, परत एकदा, फोकस गेला’ म्हटलं. मंगळसूत्र तर दोनदा, तीनदा घालायला लावतात. यावर काही उपाय?

गुरुजी, आमच्या जमातीच्या वतीने आधी माफी मागतो. मग माझा एक गुन्हा कबूल करतो.

१९८९ किंवा ९० सालची गोष्ट. मंगलाष्टकं चालली होती. एक आत्याबाई स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायला माइकवर आल्या. मला त्यांचा आविर्भाव आवडला, दोन फोटो काढले. मग हातात अक्षता घेऊन डुलणारं एक पोर दिसलं, त्याचा काढला. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं, मी डोळा लावला, अंतरपाट दूर झाला, आणि बटण दाबतो तर दबेना. बारावा फोटो त्या पोरावर गेला होता. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, मी खाली बसून थरथरत्या हातांनी रोल बदलतोय. मुलीचे वडील भले होते. ते गुरुजींना म्हणाले, ‘एक मिनिट परत धरता येईल का?’ गुरुजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पुढचा मंत्र सुरू केला. त्या वेळी राग आला होता. आज वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. त्या अल्बममध्ये त्या जागी हार घालतानाचा फोटो आहे. घरच्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ते पान उलटताना मला माझंच कळतं.

त्यानंतर मंगलाष्टकांआधी रोलमध्ये चार-पाच फोटो शिल्लक असले तरी मी तो काढून नवा घालत असे. मुलगी आता गणपतीच्या मंगलाष्टकाला बॅटरी आणि कार्ड दोन्ही नवं टाकते. चांगल्या कॅमेऱ्यात दोन कार्डं एकाच वेळी भरतात, एक बिघडलं तर दुसरं असतं. (नाशिकच्या ताई, हेही विचारून घ्या.)

आता उपाय. फोटोग्राफरला विधी माहीत नसतात, हे मूळ दुखणं आहे. एकदा कोकणातल्या लग्नात, एकदा विदर्भातल्या, तर कधी मारवाडी घरात तो उभा असतो. पुढे काय होणार हे ठाऊक नसलं की माणूस घाबरून सगळ्यांच्या पुढ्यात जातो. तुम्ही सुरुवातीला पाच मिनिटं काढून क्रम सांगा : कन्यादान कुठे, सूत्रवेष्टन कधी, लाजाहोमाला नवरीचा भाऊ कुठल्या बाजूला उभा राहील, कानपिळी आहे की नाही, सप्तपदीला दोघं कुठून कुठे चालतील. कानपिळी ठरल्या वेळी झाली तर तिचा फोटो हमखास चांगला येतो, आणि मेहुण्यांच्या त्या चेहऱ्यासारखा चेहरा दुसरा नसतो. मंगळसूत्र घालताना नवऱ्याला एवढंच सांगा, ‘सावकाश.’ दहा सेकंद मिळाली की परत घालायला लावायची गरजच पडत नाही. अंतरपाटाच्या वेळी एक कॅमेरा नवरीच्या मागून नवऱ्यावर आणि दुसरा त्याच्या उलट. मधल्या जागेत कुणीही नको, आम्ही नको आणि मोबाईल उंचावलेले पाहुणेही नकोत. आमच्याकडे काही गुरुजी मंगलाष्टकांआधी माइकवरून ‘मोबाईल खाली, अक्षता हातात’ असं बजावतात. तुमचा आवाज तर माइकशिवायही पोचत असेल.

अजून एक. काही घरांत मुलीची आई लग्न लागताना मांडवात नसते, तुळशीला पाणी घालत बसते. सगळे कॅमेरे मांडवात आणि ती मागच्या अंगणात एकटी. तुम्हीच आमच्यापैकी एकाला हळूच तिकडे पाठवत जा. माझ्याकडे असा एकच फोटो आहे. हातात तांब्या आहे आणि डोळे वाजंत्रीच्या दिशेने.

नवरी, लातूर : माझा रंग सावळा आहे. बहिणीच्या लग्नात फोटोग्राफरने तिला इतकं गोरं केलं की हात एका रंगाचे आणि चेहरा दुसऱ्या. माझ्या लग्नात हे होऊ नये म्हणून काय सांगू?

हेच सांगायचं, याच शब्दांत, ॲडव्हान्स देण्याआधी. ‘माझा रंग आहे तसा ठेवा, बहिणीसारखं नको.’ लाजू नका. एडिटिंग करणारा बहुतेक वेळा वेगळाच माणूस असतो, त्याने तुम्हाला पाहिलेलंही नसतं. तो एक ठरलेली सेटिंग चारशे फोटोंवर एकदम चालवतो, त्यात उजळपणा आणि गुळगुळीतपणा आपोआप येतो. तुमचं म्हणणं त्याच्यापर्यंत लेखी गेलं पाहिजे. पहिले दहा फोटो आधी दाखवा असं ठरवा, ते मोबाईलवर नव्हे तर कॉम्प्युटरवर बघा.

दुसरा दोष डेकोरेशनवाल्याचा. स्टेजवर जांभळे-निळे दिवे टाकले की कुणाचाच रंग खरा येत नाही, आणि नंतर दुरुस्तही होत नाही, कारण त्या उजेडात त्वचेचे रंगच नसतात. मुहूर्ताला आणि स्टेजवर साधे पिवळसर पांढरे दिवे, आणि डिस्को दिवे वरातीला. मेकअपवालीला सांगा, चेहरा मानेशी आणि हातांशी जुळू दे. सावळ्या चेहऱ्यावर खिडकीचा तिरपा उजेड फार सुंदर पडतो. तयार झाल्यावर दहा मिनिटं खिडकीशी बसा, हिरवा शालू, मुंडावळ्या आणि तो उजेड. आमच्या दुकानात दर्शनी भागात वीस वर्षं एका सावळ्याच नवरीचा फोटो होता. तो बघून लोक ऑर्डर द्यायला आत यायचे.

नवऱ्या मुलाची बहीण, न्यू जर्सी : पुण्यात भावाचं लग्न झालं. फोटोग्राफरने आम्हाला न विचारता फोटो जाहिरातीसाठी टाकले. वर मूळ ‘रॉ’ फाइल्स मागितल्या तर पंधरा हजार वेगळे मागतो. फोटो कुणाच्या मालकीचे?

भारतातल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७, कलम १७) याची तरतूद आहे. मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला, तर उलट करार नसेल तेव्हा पहिली मालकी पैसे देऊन फोटो काढून घेणाऱ्याची. म्हणजे तुमच्या घरची. ‘उलट करार नसेल’ हे शब्द महत्त्वाचे. पुष्कळ स्टुडिओंच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा हक्क राखून’ असं छापलेलं असतं आणि सही तुमच्या वडिलांची असते. आधी ती पावती शोधा. तसं काही नसेल तर फोटो काढायला सांगा, लेखी. बहुतेक जण निमूट काढतात.

रॉ फाइलबद्दल मात्र मी थोडा फोटोग्राफरच्या बाजूचा आहे. रॉ म्हणजे कच्चा माल. ती फिकट दिसते आणि साध्या मोबाईलवर बहुधा उघडतही नाही. हलवायाकडे पेढ्यांऐवजी खवा मागण्यासारखं ते आहे. तुम्हाला खरं तर पूर्ण आकाराच्या, न दाबलेल्या जेपीईजी फाइल्स हव्यात, सगळ्या, निवडलेल्या आणि न निवडलेल्याही. त्या मागा, त्यांचे वेगळे पैसे देऊ नका. आणि मिळाल्यावर दोन हार्ड डिस्कवर ठेवा, एक पुण्यात आणि एक तुमच्याकडे. फोटोग्राफर कायम सांभाळून ठेवेल असं गृहीत धरू नका. आम्ही वर्षभराने जागा रिकामी करतो.

नवरदेव, परभणी : लग्नाला चौदा महिने झाले, अल्बम नाही. फोन उचलत नाही.

आधी खरं सांगा, फोटो निवडून दिलेत का? आमच्याकडे आत्ता सहा अल्बम अडकलेत आणि सहाही ठिकाणी सासर-माहेरचं एकमत होत नाही म्हणून. निवड दिली नसेल तर या रविवारी बसा, शंभर-सव्वाशे फोटो काढा आणि यादी पाठवा.

दिली असेल तर मुदत घालून लेखी कळवा, पोचपावती ठेवा. तरी हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका.

दोघं, सातारा : किल्ल्यावर प्री-वेडिंग आणि ड्रोन, करावं का?

बहुतेक किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. चित्रीकरणाला परवानगी लागते, ती फोटोग्राफरने घेतली का हे विचारा. ‘कुणी विचारत नाही’ म्हणाला तर दुसरा बघा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. आणि तटावर कडेला उभं राहून पोज देऊ नका. बाकी, शेतात, उसाच्या बांधावर सकाळी साडेसातला फुकट काम होतं.

होणारी नवरी, सांगली : आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करतोय. दोन्हीकडचे मिळून अकरा माणसं. आठ हजारांवर खर्च करू शकत नाही. एवढ्यासाठी कुणी येईल का? की मैत्रिणीला मोबाईलवर काढायला सांगू?

येईल. फक्त ‘लग्नाचं पॅकेज’ असं विचारू नका, ‘दोन तासांचं काम’ असं विचारा. विवाह नोंदणी कार्यालयात दिलेल्या नोटिशीचे तीस दिवस झाल्यावर तारीख तुमच्या हातात असते, त्यामुळे तिथी नसलेला मधला वार धरा. त्या दिवशी चांगले लोकही मोकळे असतात. अल्बम नको, चाळीस फोटो आणि फाइल्स एवढंच ठरवा.

नोंदणी कार्यालयात आत फोटो काढायला तिथल्या साहेबांची परवानगी आधी विचारून ठेवा. टेबल, फायली, भिंतीवरचं कॅलेंडर, हे काहीही झाकू नका, ते तसंच येऊ दे. सही करतानाचा हात, साक्षीदारांच्या सह्या, बाहेर पायऱ्यांवर अकराच्या अकरा जण. तीन साक्षीदार लागतात. मैत्रीण त्यांच्यापैकी एक असेल तर तिच्या हातात मोबाईल देऊ नका. ती सही करत असेल तेव्हा फोटो कोण काढणार?

मुलीला विचारलं. पुढच्या महिन्यातले मंगळवार-बुधवार मोकळे आहेत म्हणाली. कराडहून सांगलीचं एसटीभाडं आणि चहा एवढं बघा.